शुश्रूषेला शिक्षणाचा दर्जा देणाऱ्या रमाबाई

वाशीम जिल्ह्यातील रिसोडसारख्या तालुक्याच्या गावातून एखादी मुलगी नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला जाते, तेव्हा आता त्याची फारशी चर्चा होत नाही. बारावीचे गुण, प्रवेशाची यादी, वसतिगृहाचा खर्च आणि पुढे सरकारी नोकरी मिळण्याची शक्यता, एवढ्या व्यावहारिक बाबींचा विचार होतो आणि मुलगी गाव सोडते. पहिल्या काही महिन्यांत तिला जे शिकवले जाते ते वरकरणी अगदी साधे असते. रुग्ण अंथरुणावर असतानाच चादर कशी बदलावी, काखेतला थर्मामीटर किती वेळ ठेवावा, नाडी पूर्ण मिनिटभर का मोजावी, श्वास मोजताना ते रुग्णाच्या लक्षात का येऊ देऊ नये, आणि जे दिसले तेवढेच कसे लिहावे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच धडे पुण्यातल्या एखाद्या ब्राह्मण विधवेने घेणे म्हणजे घराण्याच्या अब्रूला बट्टा लावणे होते. मधल्या काळात घडलेला बदल आपोआप घडलेला नाही. त्यामागे ज्या मोजक्या माणसांचे कष्ट आहेत, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

महाराष्ट्राला रमाबाई परिचित आहेत त्या मुख्यत्वे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहे, आणि २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेने त्यांचे बालपण व संसार घरोघरी पोहोचवला. मात्र या दोन्हींच्या प्रकाशात एक गोष्ट झाकोळली गेली. पतीच्या निधनानंतर रमाबाई तेवीस वर्षे जगल्या आणि त्या तेवीस वर्षांत त्यांनी जे उभे केले, ते पतीच्या सावलीतले नव्हते. त्या कामाचा एक मोठा भाग होता भारतीय स्त्रियांना रुग्णसेवेचे रीतसर शिक्षण देण्याचा.

रमाबाईंचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलीला अक्षरओळख करून देण्याचा प्रश्न घरात नव्हता. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, एकतीस वर्षांच्या माधवरावांशी त्यांचा विवाह झाला. माधवरावांची पहिली पत्नी नुकतीच निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका लहान मुलीशी लग्न केले, याबद्दल त्यांच्यावर बरीच टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. त्या लग्नाचे समर्थन करता येत नाही. पण त्यातून पुढे काय निष्पन्न झाले हेही नाकारता येत नाही. माधवरावांनी पत्नीला लगोलग पाटीवर अक्षरे गिरवायला बसवले. पुढे सगुणाबाई देव या शिक्षिका मराठीसाठी आणि मिस हरफर्ड या इंग्रज बाई इंग्रजीसाठी नेमल्या गेल्या.

रानड्यांच्या एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे शिक्षण मुळीच मान्य नव्हते. इंग्रज बाईजवळ बसून धडा घेतलेल्या सुनेला घरात वावरण्यापूर्वी स्नान करावे लागे. स्त्रियांच्या सभेला जाऊन आल्यावर स्वयंपाकघरात शिवाशीव पाळली जाई, बोलणी ऐकावी लागत, कधी सगळ्यांनी मिळून अबोला धरलेला असे. १८८४ मध्ये मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी पुण्यात झालेल्या सभेत रमाबाईंनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हा तर घरात वादळ उठले. हा सारा तपशील त्यांच्या आठवणींत आला आहे आणि तो केवळ सासुरवासाचा म्हणून वाचला जातो. प्रत्यक्षात पुढच्या आयुष्यातील कामाची एक महत्त्वाची शिकवण त्यात होती. स्पर्श या एका गोष्टीभोवती मराठी घरातील स्त्रीचे जग किती घट्ट बांधलेले आहे, हे रमाबाईंनी पुस्तकातून वाचले नव्हते; हिवाळ्यात अंगावर पाणी घेऊन अनुभवले होते. रुग्णाला शिवल्यावाचून त्याची शुश्रूषा होऊ शकत नाही. म्हणूनच या व्यवसायात मराठी स्त्रीला आणताना नेमका विरोध कुठून येणार, हे त्यांना इतर कोणापेक्षाही अधिक ठाऊक होते.

त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना लाभलेल्या या पुस्तकात न्यायमूर्तींच्या राजकीय विचारांची चर्चा जवळजवळ नाहीच. आहे ते त्यांच्या दिनक्रमाचे निरीक्षण. ते काय व किती खात, कोणत्या वेळी झोप मोडे, दौऱ्यावर प्रकृती कशी राही, कोणत्या दुखण्यात ते बोलणे कमी करीत, असे बारकावे पानोपानी येतात. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत रानड्यांचे निधन झाले. त्या अखेरच्या आजारपणाचे वर्णन मराठीतील अत्यंत हृद्य गद्यांत गणले जाते. त्यात शोक आहेच. परंतु शोकाच्या खाली एका दक्ष शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीची नोंदवही दडलेली आहे.

त्या काळातील रुग्णसेवेची स्थिती समजून घेतल्याशिवाय रमाबाईंच्या कामाचे मोल कळत नाही. मुंबई इलाख्यात पाश्चात्य पद्धतीची मोठी रुग्णालये उभी राहिली होती. पुण्याचे ससून १८६७ पासून, तर मुंबईचे कामा १८८६ पासून रुग्णांसाठी खुले होते, जे. जे. रुग्णालय त्याहून जुने. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले. पण या रुग्णालयांत शिकलेल्या परिचारिका बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन, पारशी अथवा भारतीय ख्रिस्ती असत. जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या शिक्षणासाठी दाखल झाल्या आणि नर्सिंगच्या प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद आजही नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. दुर्दैव असे की नोंदीपलीकडे त्यांच्याविषयी फारसे काहीच लिहिले गेले नाही. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन अमेरिकेहून परतल्या आणि १८८७ मध्ये अकाली गेल्या, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. डॉक्टर स्त्रीचा गौरव करायला समाज शिकू लागला होता. परिचारिकेबद्दल मात्र त्याची जीभ सैल सुटत असे.

याची किंमत प्लेगच्या काळात मोजावी लागली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून केलेली तपासणी, बायकामाणसांना सक्तीने रुग्णालयात वा विलगीकरणाच्या छावणीत नेणे, यामुळे शहर संतापले आणि त्याची परिणती रँड यांच्या हत्येत झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यातली एक बाजू कमी बोलली जाते. छावणीत गेलेल्या स्त्रीची भाषा समजणारी, तिला लुगडे बदलायला मदत करणारी, तिच्या अंगावरची गाठ पाहू शकणारी शिकलेली मराठी स्त्री तेथे अभावानेच होती. सावित्रीबाई फुले यांनी दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या साह्याने हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रुग्णांची सेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला. पंडिता रमाबाईंनी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या अवस्थेबद्दल जाहीर तक्रार केली. एकट्या-दुकट्या स्त्रीचे धैर्य पुरे पडणारे नव्हते. अशा स्त्रिया शेकड्यांनी तयार करणारी संस्था हवी होती.

त्या संस्थेची कल्पना आली ती बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल या जोडीकडून. मलबारी हे पारशी पत्रकार. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यासाठी त्यांनी रान उठवले होते. गिदुमल हे सिंधमधले, न्यायखात्यात काम केलेले, विद्याव्यासंगी गृहस्थ. या गिदुमलांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राची एक आवृत्ती १८९२ मध्ये लंडनला निघाली आणि तिला प्रस्तावना होती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची! क्रिमियाच्या युद्धात १८५४ पासून सैनिकांची शुश्रूषा करून कीर्ती मिळवलेल्या आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढणाऱ्या नाइटिंगेलबाई भारतात कधीच आल्या नाहीत. तरीही आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी भारतातील आरोग्य, सांडपाणी, दुष्काळ आणि शेतकऱ्यांची स्थिती यांवर अहवाल लिहिण्यात घालवली. तेव्हा १९०८ मध्ये भारतीय स्त्रियांना परिचारिका म्हणून शिकवण्याचा व त्यांच्यासाठी निवास उभारण्याचा विचार मलबारी-गिदुमलांच्या मनात आला, त्याचे एक मूळ लंडनच्या त्या आजारी वृद्धेच्या खोलीपर्यंत जाते असे मानायला जागा आहे.

कल्पना होती, थोडाफार पैसाही जमवता येणार होता. प्रश्न होता विश्वासाचा. एक पारशी आणि एक सिंधी गृहस्थ सांगताहेत म्हणून मराठी घरातली लेक-सून रुग्णालयात पाठवायला कोण तयार होणार? दोघांनी रमाबाईंकडे धाव घेतली. पतीनिधनानंतरचा काही काळ पूर्ण एकांतात काढल्यावर रमाबाई पुण्यात हळूहळू पुन्हा बाहेर पडू लागल्या होत्या. तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटणे, रुग्णालयात जाऊन आजाऱ्यांना फळे-फुले देणे, त्यांच्याशी दोन शब्द बोलणे हा त्यांचा क्रम होता. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले होते. मुंबईच्या सेवासदनाची धुरा त्यांनी स्वीकारली आणि १९०९ मध्ये पुण्यात, रानड्यांच्या राहत्या वाड्यात, पुणे सेवासदनाला आरंभ झाला. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामातील त्यांचे मोठे आधार होते. संस्थेचा हिशेब, पत्रव्यवहार, सरकारदरबारचे हेलपाटे ही बाजू देवधरांनी सांभाळली. घराघरांतून मुली आणण्याचे अवघड काम रमाबाईंचे.

वाड्यातल्या वर्गांची सुरुवात मराठी लेखन-वाचन, शिवण, प्रथमोपचार व घरगुती शुश्रूषा यांनी झाली. ज्या विधवेला अक्षरओळख नाही तिला नर्स कसे करणार, हा प्रश्न रमाबाईंनी बरोबर ओळखला होता, कारण लग्नानंतर शिकायला बसणे म्हणजे काय हे त्या स्वतःच्या पाटीवरून जाणत होत्या. आधी बाई लिहायला-वाचायला शिके, मग आकडेमोड, थोडेसे इंग्रजी. त्यानंतर ज्यांची तयारी असे त्यांना ससून रुग्णालयात उमेदवारीवर पाठवले जाई. पुढे सेवासदनाने उमेदवार परिचारिकांसाठी एक आणि वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एक अशी वसतिगृहे काढली. वसतिगृह ही किरकोळ सोय नव्हती. रात्रपाळी करून पहाटे परतणाऱ्या मुलीकडे पाहण्याची गल्लीची नजर कशी असते, याचा विचार त्यामागे होता.

या उमेदवारीत शिकायचे असे ते काय? आजच्या वाचकाला प्रतिजैविके, सलाइन, रक्तदाबाचे यंत्र यांशिवाय रुग्णालयाची कल्पना करवत नाही. पण १९०९ मध्ये पेनिसिलिन तीन दशकांहून अधिक दूर होते. विषमज्वर, न्यूमोनिया, सूतिकाज्वर यांवर रामबाण औषध डॉक्टरांपाशी नव्हते. विषमज्वराचा रोगी तीन-चार आठवडे तापाने फणफणत पडून राही. त्याला वेळेवर पातळ अन्न देणे, तोंड स्वच्छ ठेवणे, अंग पुसून ताप उतरवणे, ठरावीक वेळाने कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणे, आणि पोटात अचानक कळ येऊन नाडी जलद व बारीक झाली तर आतडे फुटले असावे हे ओळखून तत्काळ डॉक्टरांना बोलावणे, एवढेच हातात होते. न्यूमोनियात सातव्या ते नवव्या दिवसाच्या आसपास ताप एकदम खाली येई. ती रात्र रोगी तगणार की जाणार याची असे. उपचाराचा अर्धाअधिक भाग शुश्रूषा हाच होता. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा खाटेशी येत. उरलेल्या बावीस-तेवीस तासांत काय घडले हे सांगायला फक्त परिचारिका असे.

सबब तिचे पहिले शिक्षण पाहण्याचे. नाइटिंगेल यांनी १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या छोट्या पुस्तकात निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यात रुग्णाला मोघम प्रश्न विचारणाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतली. रात्र बरी गेली का, असे विचारले की माणूस भिडेने हो म्हणतो. किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली, जाग आल्यावर पुन्हा झोप लागली की नाही, असे विचारावे लागते. जेवला का, याचे उत्तर अर्धी भाकरी टाकून दिलेल्या ताटात असते. मराठी घरातल्या आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या पाहुण्यांचे प्रश्न आठवले, तर हा धडा कोणाला परका वाटू नये.

त्यानंतर मोजण्याचे. काखेत वा तोंडात ठेवण्याजोगा आखूड थर्मामीटर इंग्लंडमध्ये १८६०च्या दशकात क्लिफर्ड ऑलबट यांनी तयार केला आणि त्यामुळे ताप ही हाताच्या पालथ्या पंज्याने अजमावण्याची गोष्ट राहिली नाही. सकाळ-संध्याकाळचे आकडे तक्त्यावर मांडले की विषमज्वराचा पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा ताप आणि हिवतापाचा उसळी मारून उतरणारा ताप कागदावर निराळे दिसू लागत. नाडी मोजताना नुसती संख्या पुरत नाही. ती नियमित आहे की मधेच ठोका चुकतो, बोटाखाली भरीव लागते की धाग्यासारखी, हेही कळावे लागते. श्वास मोजण्याची युक्ती तर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली प्रत्येक मुलगी आजही शिकते. मनगट हातात धरूनच ठेवायचे, नाडी पाहते आहे असा रोग्याचा समज होऊ द्यायचा आणि नजर छातीकडे वळवायची. आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो.

हात धुण्याचा धडा सगळ्यांत अवघड. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवून दिले होते की, बाळंतिणीला तपासणाऱ्याने हात निर्जंतुक केले तर सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटतात. पुण्यातल्या सोवळ्यात वाढलेल्या बाईला हात धुणे नवे नव्हते. तिचा उभा जन्म त्यात गेलेला. पण शिवण्यामुळे स्वतःला विटाळ होतो म्हणून नंतर धुणे, आणि आपल्या शिवण्यामुळे दुसऱ्याला रोग होऊ शकतो म्हणून आधी धुणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रमाबाईंच्या सेवासदनातील कामाचे खरे स्वरूप या एका अंतरात सामावलेले आहे. त्यांनी सोवळ्याविरुद्ध मोहीम उघडली नाही. घरात अत्यंत नेमस्त, व्रतवैकल्ये जाणणारी, वडीलधाऱ्यांचा मान राखणारी अशी त्यांची प्रतिमा होती आणि ती त्यांनी राखली. त्याच प्रतिमेच्या बळावर त्या आयांना, सासवांना समजावू शकल्या की, परजातीच्या रोग्याचे मलमूत्र उचलणारी त्यांची मुलगी बाटलेली नाही.

विरोध नुसता शिवाशिवीचा नव्हता. परपुरुषाच्या अंगाला हात लावणारी, रात्री घराबाहेर राहणारी, पगार घेणारी बाई चांगल्या चालीची कशी असेल, ही कुजबुज होतीच. शुश्रूषा घरच्या घरी फुकट करायची ही स्त्रीची रीत. तिचे शिक्षण घ्यावे, परीक्षा द्यावी आणि तिच्यासाठी मोबदला घ्यावा, हेच अनेकांना खटके. त्यामुळे आरंभी आल्या त्या ज्यांना दुसरा आधार नव्हता अशा. बालविधवा, टाकलेल्या स्त्रिया, दिराच्या ओसरीवर दोन घासांसाठी राबणाऱ्या. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ पासून विधवांच्या शिक्षणाचे जे काम चालवले होते, त्याला समांतर अशी ही वाट होती. शिक्षिकेच्या व्यवसायाला निदान सरस्वतीचे नाव लावता येत होते. परिचारिकेच्या व्यवसायाला तसे कोणतेच कवच नव्हते.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग या संदर्भात सांगण्याजोगा आहे. पारितोषिक घेण्यासाठी एक केशवपन केलेली, आलवण नेसलेली तरुण विधवा व्यासपीठावर आली, तेव्हा सज्जात बसलेल्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. समारंभाच्या शेवटी आभार मानण्यासाठी रमाबाई उठल्या. एरवी सौम्य बोलणाऱ्या या बाईंनी आभार बाजूला ठेवले आणि त्या तरुणांना चांगलेच फैलावर घेतले. प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या, मावशी आहे याची त्यांना आठवण दिली आणि शिकलेल्या माणसाच्या ठिकाणी एवढीही सहानुभूती नसावी का, असा जाब विचारला. सभागृह चिडीचूप झाले. सुधारणेच्या विरोधात उभे राहणारे सगळेच जुन्या वळणाचे शास्त्री नव्हते, कॉलेजातली पोरेही होती, ही त्या प्रसंगातली बोचरी बाब.

पुण्यात वर्ग भरू लागले तरी महाराष्ट्राचा केवढा तरी भाग त्यापासून दूरच होता. आज वाशीम जिल्ह्यात असलेले रिसोड त्या काळी वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात, बाशीम तालुक्यात होते; बाशीमचा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये मोडला गेला होता. १८८५ मध्ये सुरू झालेल्या लेडी डफरीन फंडामुळे शहरांतून स्त्रियांची रुग्णालये निघाली आणि अमरावतीत डफरीन हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. परंतु रिसोडच्या आसपासच्या खेड्यातील अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीने अमरावती वा अकोला गाठणे म्हणजे वाटेतच जीव जाणे. तेथे भरवसा गावच्या सुईणीचा. पिढ्यान्‌पिढ्या हे काम गावगाड्याने ज्या जातींवर ढकलले होते, त्यांतील स्त्रिया ते निमूट करीत आल्या होत्या. अनुभवाने त्यांना पुष्कळ कळे, नाळ कापण्याचे हत्यार उकळावे हे मात्र कोणी शिकवलेले नव्हते. सेवासदनाचे बळ मुख्यतः पांढरपेशा वर्गात होते आणि या सुईणींच्या ज्ञानाला शिक्षणाची जोड देण्याचे काम त्या पिढीकडून फार थोडे झाले, ही मर्यादा नोंदवायलाच हवी. पण संस्थेचा विचार पुण्यापुरता राहिला नाही. सेवासदनाच्या शाखा इतरत्र निघाल्या, आणि नागपुरात रमाबाई तांबे यांनी १९२७ मध्ये त्याच नावाची संस्था काढली.

१९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मदतकार्यासाठी तिकडे गेल्या. आळंदीला आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत जमणाऱ्या स्त्रियांच्या सेवेसाठी त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन जात. यात्रेत पटकीची भीती नेहमीचीच. गर्दीतून आजारी बाई हुडकणे, तिला बाजूला घेऊन पाणी देणे, हरवलेल्या म्हातारीला तिच्या दिंडीपर्यंत पोहोचवणे, अशी ही कामे असत. पांढरपेशा घरातल्या तरुण स्त्रिया देवदर्शनासाठी न जाता कामासाठी यात्रेत उभ्या आहेत, हे दृश्य त्या काळी नवे होते. वारकरी स्त्रियांना त्याचे वावडे वाटले नाही. भुवया उंचावल्या त्या शहरातल्यांच्या.

१९१५ मध्ये पुणे सेवासदनाची रीतसर नोंदणी झाली. त्यानंतर अध्यापिका विद्यालय, प्रौढ स्त्रियांचे वर्ग, वसतिगृहे असा पसारा वाढत गेला. अखेरच्या वर्षांत रमाबाई मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी पुण्यात झगडल्या आणि १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही पुढे राहिल्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून त्यांना श्रद्धांजली वाहिली आणि सेवासदन हेच त्यांचे जीवितकार्य असल्याचे नमूद केले. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर मिटला नाही. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा यायला १९४७ उजाडले. तोवर शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण, हे ठरवणारी एकसारखी व्यवस्था देशात नव्हती. सेवा या शब्दाला चिकटलेले पावित्र्य रमाबाईंनी विरोध मोडण्यासाठी वापरले. तेच पावित्र्य पुढे परिचारिकांच्या पगाराची व कामाच्या तासांची मागणी आली की त्यांच्यापुढे धरले जाऊ लागले. रमाबाईंच्या मुलींना वाड्याबाहेर पडण्यासाठी ते आवश्यक होते. आज ग्रामीण रुग्णालयात रात्री एकटीने वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेला त्याहून अधिक गरज असते ती जोडीला आणखी एका परिचारिकेची, म्हणजे दर तासाला लिहायच्या नाडी-श्वासाच्या नोंदी सकाळी एकदम भराव्या लागत नाहीत.